भुईआवळीचे एकोणसाठ टक्के

पावसाळा सुरू झाला की अंगणाच्या कडेला, कुंडीत, विटांच्या फटीत एक वीतभर उंचीचे रोप आपोआप उगवते. आवळ्यासारखी बारीक पाने, आणि पानांच्या खालच्या अंगाला ओळीने लटकलेली मोहरीपेक्षा जराशी मोठी हिरवी फळे. ही भुईआवळी. कावीळ झाली की ती मुळासकट उपटायची, वाटायची आणि दुधातून किंवा ताकातून घ्यायची, हे मराठी मुलखात कोणाला शिकवावे लागत नाही. ऑक्टोबर १९८८मध्ये हे रोप लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात पोहोचले. अवघ्या तीन पानांचा शोधनिबंध. पहिले नाव मद्रास विद्यापीठाचे एस. पी. त्यागराजन यांचे, शेवटचे बारूक ब्लुमबर्ग यांचे. ब्लुमबर्ग म्हणजे हिपॅटायटिस बीच्या विषाणूचा माग काढल्याबद्दल १९७६चे नोबेल मिळवलेले शास्त्रज्ञ.

साहित्याच्या अंकात वैद्यकीय शोधनिबंधाची समीक्षा कशासाठी, असे कोणी विचारील. वनस्पती आणि विषाणू यांविषयी मराठीत गेल्या तीन-चार दशकांत जे लिहिले गेले, त्याच्या मुळाशी असे मोजके निबंध आहेत. ते फार थोड्यांनी वाचले आणि पुष्कळांनी सांगितले. त्यांतला हा सर्वांत तेजस्वी. तो नीट वाचला तर बाकीचे वाचायची रीत सापडते, असा माझा अनुभव आहे.

निबंधाचा दावा थोडक्यात असा. हिपॅटायटिस बीच्या दीर्घकालीन वाहकांना ३० दिवस भुईआवळीपासून केलेले औषध दिले. उपचार संपल्यावर १५ ते २० दिवसांनी रक्त तपासले, तेव्हा ३७पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूचे पृष्ठ-प्रतिजन नाहीसे झालेले होते. ज्यांना दिसायला तशीच पण निष्क्रिय भुकटी दिली होती, त्या २३ जणांपैकी एकाच्याच रक्तातून ते गेले होते. ५९ टक्के विरुद्ध ४ टक्के. काही जणांवर नऊ महिन्यांपर्यंत लक्ष ठेवले, आणि एकाही रक्तात प्रतिजन परतलेले आढळले नाही.

हा आकडा केवढा मोठा आहे हे कळायला ‘वाहक’ शब्दाशी थोडे थांबले पाहिजे. हिपॅटायटिस बीचा संसर्ग प्रौढपणी झाला तर शंभरातले पंचाण्णव जण काही महिन्यांत विषाणूला आपणच हुसकावून लावतात. जन्मतः आईकडून झाला तर उलट: दहातल्या नऊ बाळांत तो कायमचा मुक्काम करतो. मुक्काम म्हणजे वर्षानुवर्षे काहीही न जाणवणे, आणि पुढे काहींच्या नशिबी यकृताचा सिरोसिस किंवा कर्करोग. अशा माणसाच्या रक्तातून पृष्ठ-प्रतिजन आपोआप जाण्याचे प्रमाण वर्षाला शंभरात एकाच्या आसपास. आज टेनोफोविरसारखी उत्तम औषधे आहेत. ती विषाणूची वाढ जवळपास थांबवतात, पण प्रतिजन रक्तातून काढून टाकणे त्यांना क्वचितच जमते. २०२२ साली बेपिरोव्हिर्सेन या नव्या औषधाच्या चाचणीत २४ आठवडे दर आठवड्याला सुई टोचून सुमारे दहा टक्के रुग्णांत हे साधले, तर ती जगभर मोठी बातमी ठरली. आणि इथे अंगणातले रोप, तीस दिवस, एकोणसाठ टक्के. हा दावा निम्मा जरी खरा असता, तरी गेल्या शतकातील वैद्यकाच्या मोठ्या शोधांत तो गणला गेला असता.

तो तसा गणला गेला नाही. का, याची दोन उत्तरे आपल्याकडे लगेच मिळतात. एक: पाश्चात्त्य औषधकंपन्यांनी दडपला. दोन: जडीबुटीत काही नसतेच. दोन्ही उत्तरे निबंध न वाचता देता येतात, हाच त्यांचा मोठा सोयीस्करपणा.

निबंधाने स्वतःला ‘प्राथमिक’ म्हटले आहे. ही औपचारिक नम्रता नव्हती, वस्तुस्थिती होती. आकडेच पाहा. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले तर ते साधारण सारखे पडतात. इथे निकालाच्या ओळीत एकीकडे ३७ आणि दुसरीकडे २३ आहेत. छोट्या चाचणीत अशी विषमता दिसली की वाचकाने बोट ठेवून थांबावे. मधूनच गळालेले कोण, कोणत्या गटातले, आणि त्यांचे रक्त काय म्हणाले असते? तेवीस माणसांत आणखी तीन-चार जणांचा निकाल इकडचा तिकडे झाला, तरी चार टक्क्यांचे वीस टक्के होतात. लेखकांनी काही लपवले असे मी म्हणत नाही. त्यांनी आकडे उघड्यावर मांडले, म्हणून तर आपल्याला हे विचारता येते. पण ‘प्राथमिक’ हा शब्द त्या निबंधाचा पाया होता, आणि निबंध मासिकांतून, पुरवण्यांतून, बाटलीवरच्या माहितीपत्रकांतून फिरत गेला तसा पहिल्यांदा गळाला तो हाच.

पुढे काय झाले ते फारसे कोणी मराठीत लिहिले नाही. १९९०मध्ये थायलंडच्या संशोधकांनी त्याच ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले की लक्षणे नसलेल्या वाहकांत भुईआवळीने प्रतिजन गेले नाही. १९९४मध्ये मुंबईतली चाचणी भारतीय पचनसंस्था-विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आली. दोन टप्प्यांची चाचणी. अपयशाचा उल्लेख शीर्षकातच. ही चाचणी करणारी मंडळी आयुर्वेदाची खिल्ली उडवणारी नव्हेत. आयुर्वेदिक औषधांची आधुनिक पद्धतीने पारख करण्यात त्यांतल्या काहींनी आयुष्य घातले होते. हवे ते उत्तर मिळाले नाही म्हणून त्यांनी निष्कर्ष खणात टाकला नाही, छापला. मराठी विज्ञानलेखनाने या दोन पानांची दखल घ्यायला हवी होती. १९९५मध्ये चीनमधून तीन वेगवेगळ्या जातींच्या तुलनेचा अहवाल आला. एका जातीने दुसऱ्या एका प्रतिजनावर थोडा परिणाम दाखवला, पण पृष्ठ-प्रतिजन एकाही रुग्णाचे गेले नाही. २०११च्या कॉक्रेन समीक्षेत उपलब्ध चाचण्या एकत्र तपासून निघालेला निष्कर्षही तोच: निष्क्रिय औषधापेक्षा भुईआवळी सरस असल्याचा खात्रीलायक पुरावा नाही.

आता भुईआवळीच्या बाजूने एक गंभीर मुद्दा आहे आणि तो झटकून टाकणे बरोबर नाही. या सगळ्या चाचण्यांतले रोप एकच होते का?

१९८७ साली ब्लुमबर्ग यांच्या फिलाडेल्फियातील गटाने या मालिकेतला आधीचा निबंध प्रसिद्ध केला. त्यात वनस्पतीचे नाव ‘फिलँथस निरुरी’ असे होते. वर्षभराने ‘लॅन्सेट’मध्ये ती ‘फिलँथस अमारस’ झाली. हा छपाईचा दोष नव्हे. भारतीय वनस्पतिशास्त्राची जुनी पुस्तके ज्या रोपाला निरुरी म्हणत, ते निरुरी नव्हतेच. खरी निरुरी अमेरिका खंडातली. आपल्याकडे त्या नावाखाली अमारस, फ्रॅटर्नस आणि डेबिलिस अशा तीन जाती एकत्र नांदत होत्या, हे १९८०च्या दशकात स्पष्ट झाले. अमारसच्या फुलाला पाच दले, फ्रॅटर्नसच्या फुलाला सहा. फूल ज्वारीच्या दाण्याहून लहान, त्यामुळे भिंग घेतल्याशिवाय हे मोजणे कठीण. शिवाय लालसर देठाची आणि खरबरीत फळांची ‘युरिनेरिया’ शेजारीच उगवते, तिलाही लोक भुईआवळीच म्हणतात. बाजारातल्या जुडीत यांतले कोण किती, हे जुडी बांधणाऱ्यालाही सांगता येणार नाही. मग ऋतू, जमीन, रोप फुलावर असताना काढले की वाळत आल्यावर, सावलीत सुकवले की उन्हात. रासायनिक घटकांचे प्रमाण या प्रत्येक गोष्टीने बदलते.

म्हणजे थायलंडचे अपयशही निखालस म्हणता येत नाही. पण हा युक्तिवाद वापरणारे एक विसरतात: तो दोन्हीकडून कापतो. कोणती जात, कोणते घटक, किती प्रमाणात हे ठरल्याशिवाय अपयश सिद्ध होत नसेल, तर यशही सिद्ध होत नाही. आणि मग घरच्या अंगणातले रोप उपटून वाटून घ्या असा सल्ला तर अजिबातच देता येत नाही.

ग्रंथांचा हवाला देतानाही असेच घाईचे वाचन होते. भूम्यामलकी किंवा तामलकी हे भुईआवळीचे संस्कृत नाव मानले जाते. चरकसंहितेतल्या दहा-दहा औषधांच्या गणांत तामलकी दोनदा येते: एकदा कासहर गणात, एकदा श्वासहर गणात. खोकला आणि दमा. चरकाने कावीळ बरी करणाऱ्या विषाणुरोधक द्रव्याची नोंद करून ठेवली होती, अशी वाक्ये लिहिणाऱ्यांनी हे गण उघडून पाहिलेले नसतात. ‘विषाणू’ आणि ‘कावीळ’ या दोन शब्दांची सांगडच मुळी विसाव्या शतकातली.

मग भुईआवळीची कीर्ती आली कुठून? काविळीतूनच. आपल्याकडची साथीची कावीळ बहुधा हिपॅटायटिस ए किंवा ई या विषाणूंची, दूषित पाण्यातून येणारी. ती बहुतेकांत काही आठवड्यांत आपली आपण बरी होते. (गरोदर स्त्रियांत ई प्रकार जीवघेणा ठरू शकतो, हा मोठा अपवाद.) या आठवड्यांत जे काही केले त्याला श्रेय मिळते. गळ्यात काड्यांची माळ घालतात, ती दिवसेंदिवस लांब होते आणि कावीळ उतरत चालली असे लोक म्हणतात. प्रत्यक्षात ओल्या काड्या वाळून गाठी सैल झालेल्या असतात. चुन्याच्या निवळीत हात धुतला की पाणी पिवळे होते; सालीच्या रसाची ती करामत. भुईआवळीला या पंगतीत बसवणे मला अन्यायाचे वाटते, कारण तिच्या अर्काने परीक्षानळीत हिपॅटायटिस बीच्या विकराला अडवलेले आहे. पण गावातल्या वैद्याला आलेला गुण आणि परीक्षानळीतला गुण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांचे आजारही वेगळे. एकाचा पुरावा दुसऱ्याच्या खात्यात जमा करता येत नाही. १९८८नंतरच्या लेखनात हीच जमाखर्चाची चूक सारखी होत राहिली.

परीक्षानळीतून शरीरापर्यंतचा रस्ता किती लांब असतो, ते ज्येष्ठमधावरून कळेल. २००३मध्ये सार्सची साथ चालू असताना फ्रँकफुर्टच्या संशोधकांनी दाखवले की ज्येष्ठमधातले ग्लिसिऱ्हायझिन सार्सच्या विषाणूची वाढ रोखते. हाही ‘लॅन्सेट’मधलाच निबंध, आणि प्रयोग चोख. पण तो झाला आफ्रिकी माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशींवर, काचेच्या थाळीत. विषाणूची वाढ निम्म्यावर आणायला लागलेले प्रमाण लिटरला ३०० मिलिग्रॅम. माणसाच्या शरीरात पाचेक लिटर रक्त धरले, तर नुसत्या रक्तात हरघडी दीड ग्रॅम ग्लिसिऱ्हायझिन शाबूत राहायला हवे. तोंडावाटे घेतलेले ग्लिसिऱ्हायझिन शाबूत राहत नाही, आतड्यातले जिवाणू त्याचे तुकडे करतात. आणि हे तुकडे जास्त झाले की रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरते. २०२०मध्ये काढ्याच्या अनेक कृतींत ज्येष्ठमध होते. चव बरी लागते, घशाला बरे वाटते, इथपर्यंत कोणाचीच हरकत नाही. पण त्या कृतीखाली जर्मनीतल्या प्रयोगाचा दाखला जोडला, की लिटरला ३०० मिलिग्रॅम हा आकडाही जोडायला हवा होता.

हळदीची गोष्ट आणखी मजेची. अमेरिकेत हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर दिलेले पेटंट भारताने १९९७मध्ये रद्द करून घेतले, तेव्हापासून हळद ही आपली राष्ट्रीय अस्मिता. तो विजय खरा होता, पण तो मालकीविषयीचा होता. औषध म्हणून कर्क्युमिनची बाजू मात्र रसायनशास्त्रज्ञांनीच कमकुवत ठरवली. २०१७च्या एका विस्तृत आढाव्यात त्यांनी लिहिले की शंभराहून अधिक चाचण्या होऊनही निष्क्रिय औषधाशी तुलना करणाऱ्या दुहेरी-अंध चाचणीत कर्क्युमिन निःसंशय यशस्वी झालेले नाही. हा रेणू स्वतः चमकतो, प्रथिनांना चिकटतो, द्रावणात पटकन मोडतो, त्यामुळे चाचणीची यंत्रणाच फसते आणि तो जवळजवळ कशावरही ‘गुणकारी’ दिसतो. संगणकावर कुलूप-किल्ली जुळवून केलेले शोध तर याहून स्वस्त. २०२०पासून तुळस, गुळवेल, हळद यांतल्या रेणूंची कोविडच्या प्रथिनांशी जुळणी दाखवणारे निबंध ढिगाने आले. पडद्यावर किल्ली कुलपात बसते. दार उघडते का, हे कोणी पाहिलेले नसते.

इथे भाषेचा प्रश्न येतो, आणि तो आपला आहे. मूळ निबंधात असते: अमुक अर्काने तमुक विकराचे काम नळीत मंदावले. मराठीत ते होते: अमुक वनस्पती तमुक रोगावर प्रभावी ठरू शकते. ‘शकते’ हे क्रियापद लेखकाला पूर्ण संरक्षण देते आणि वाचकाला काहीच देत नाही. पुढच्या लेखात ‘शकते’ गळून ‘ठरते’ होते. कर्ताही बदलतो: नळीतल्या अर्काच्या जागी अंगणातले रोप येते, विकराच्या जागी माणूस. अतिशयोक्ती कुठेच नाही, प्रत्येक हाताने एकेकच शब्द बदलला आहे. ‘गुणकारी’ हा आपला सुंदर जुना शब्द या व्यवहारात फार झिजला. कशावर गुण, किती मात्रेत, कोणात, किती दिवसांनी, यांपैकी एकही प्रश्न तो शब्द विचारू देत नाही.

वनस्पतींतून विषाणूंवर काहीच आले नाही असे मात्र नव्हे. इन्फ्लुएन्झावरचे ऑसेल्टामिव्हिर ज्या शिकिमिक आम्लापासून बनवू लागले, ते मसाल्यातल्या चक्रफुलातून काढत. २००५मध्ये बर्ड फ्लूच्या धास्तीने चक्रफुलाचा तुटवडा पडला, आणि मग हेच आम्ल जिवाणूंकडूनही बनवून घेऊ लागले. पण शिकिमिक आम्ल हा कच्चा माल. ते स्वतः फ्लूला अडवत नाही. भिंत बांधायला वीट लागते म्हणून वीट अंगावर पांघरून कोणी पावसापासून वाचत नाही. मस्से घालवायला वापरतात ते पोडोफायलोटॉक्सिन हिमालयात उगवणाऱ्या वनस्पतीतूनही मिळते. ते विषाणूला मारत नाही, मस्स्याच्या पेशींचे विभाजन थांबवते.

यांहून हुरहूर लावणारी कथा उंडीच्या गोत्रातली आहे. उंडी कोकणाला परकी नाही. समुद्राकाठचे ते गर्द झाड आणि दिव्यात जळणारे तिचे कडू तेल जुन्या माणसांना आठवते. तिच्याच गोत्रातल्या एका झाडाची पाने-डहाळ्या १९८७मध्ये बोर्निओतल्या सारावाकच्या जंगलातून अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेसाठी गोळा झाल्या. त्यांतून निघालेल्या कॅलनोलाइड-ए या रेणूने एचआयव्हीच्या विकराला जोरदार अडवले. शोधणारे पुन्हा त्या जागी गेले, तर झाड तोडलेले होते. आसपासच्या तशाच झाडांत तो रेणू पुरेसा मिळेना. पुढे तो प्रयोगशाळेत बनवला गेला, सारावाक सरकारच्या भागीदारीत कंपनी निघाली, माणसांवर प्राथमिक चाचण्या झाल्या. औषध मात्र दुकानात पोहोचले नाही. १९९३मध्ये खुद्द उंडीतूनही एचआयव्हीच्या विकराला रोखणारे इनोफायलम नावाचे रेणू मिळाले. तेही निबंधातच आहेत. तिथे निदान झाड कोणते, रेणू कोणता आणि तो कुठे अडला हे सांगता येते. भुईआवळीबाबत इतकेही सांगता येत नाही.

जात कोणती, हा वाद केवळ विद्वानांचा नाही हे २०२१ने दाखवले. कोविडच्या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याचे नोंदवले. आयुष मंत्रालयाने उत्तर दिले की त्या रुग्णांनी घेतलेली वनस्पती टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया नसून दिसायला तशीच टिनोस्पोरा क्रिस्पा असावी. पुढच्या वर्षी देशभरातल्या अनेक केंद्रांनी मिळून त्रेचाळीस रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. मंत्रालयाचा बचाव क्षणभर मान्य केला तरी तो बचाव राहत नाही, ती कबुली होते. शेजारच्या भिंतीवरून वेल तोडणाऱ्या माणसाला दोन जातींतला फरक कळत नसेल, तर ती वेल घरोघरी घ्या असे सांगण्याआधी हे सांगायला नको होते का? विषाणूपासून वाचण्यासाठी घेतलेल्या वनस्पतीने यकृतच दुखवावे, आणि त्या वेळी ‘नैसर्गिक आहे, अपाय कसा करील’ हे वाक्य सर्वांच्या तोंडी असावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अंदाजानुसार भारतात सुमारे तीन कोटी लोक हिपॅटायटिस बीसह जगत आहेत. त्यांतल्या फार थोड्यांना ते ठाऊक आहे. २०१८मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि टेनोफोविर सरकारी रुग्णालयांत मोफत मिळते. ही गोळी रोज आणि बहुधा वर्षानुवर्षे घ्यावी लागते. तिने बरे वाटत नाही, कारण मुळात वाईट वाटतच नव्हते. अशा माणसाला कोणीतरी प्रेमाने सांगते की भुईआवळीने शंभरात एकोणसाठ बरे झाले, नोबेलवाल्याने लिहिले आहे. तो गोळी सोडतो. दबलेला विषाणू मग उसळून वर येऊ शकतो आणि कधी कधी यकृत एकाएकी कोसळते. त्याला सांगितलेले वाक्य खोटे नसते. १९८८च्या त्या तीन पानांतले तेवढेच वाक्य त्याच्यापर्यंत पोहोचलेले असते. थायलंडचे, मुंबईचे, चीनचे पोहोचलेले नसते.

भुईआवळीची चाचणी आजही नव्याने करता येईल. रोपाची जात फुलांवरून आणि जनुकांवरून पक्की करायची, अर्कातले घटक मोजून ठरावीक ठेवायचे, टेनोफोविर चालू असलेल्या वाहकांना ते बंद न करता सोबत द्यायचे, आणि पृष्ठ-प्रतिजन आहे-नाही एवढेच न पाहता त्याचे प्रमाण व विषाणूचा डीएनए दोन-तीन वर्षे मोजत राहायचे. १९८८मध्ये यांतली पुष्कळशी साधने नव्हती. आता ती मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळांत आहेत, आणि भुईआवळी तर दर पावसाळ्यात उगवतेच.